बिननावाची बरणी

लिपनिक, आयोवा
रविवार, दुपार

प्रिय टेसा,

गुरुवारी तू फोनवर विचारलंस, "मार्नी, एका वाक्यात सांग, तुमच्या लिपनिकमध्ये कोण पुढे आहे?" तेव्हा मी म्हणाले, बर्फामुळे तुझा आवाज नीट येत नाहीये. आवाज अगदी स्वच्छ येत होता. तुझ्यामागे कुणीतरी पिझ्झ्याच्या शेवटच्या तुकड्यावरून भांडत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं. मला उत्तर येत नव्हतं, एवढंच. अजूनही येत नाही. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू त्याचा अर्थ लावतेस, आणि तो माझ्या अर्थापेक्षा नेहमीच चांगला असतो, मग मी हो म्हणून मोकळी होते. आज मला चुकतमाकत का होईना, पुरं बोलू दे.

इथे सगळं तसंच आहे, म्हणजे सगळे अंदाज बांधतायत. व्हर्नाच्या कॅफेत गल्ल्याशेजारी तिने ऑगस्टमध्ये तीन काचेच्या बरण्या मांडल्या, आठवतं? राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या तिघांच्या: एक किम्बलबाईंची, एक गव्हर्नर टॉलिव्हरची, एक जनरल वॉइटची. न्याहारी करणाऱ्याने जाताना आपल्या माणसाच्या बरणीत मक्याचा एक दाणा टाकायचा. त्या बरण्यांसमोर बसून मर्ल रोज सगळ्यांना निकालात काढतो. "टॉलिव्हर? त्याला डुक्कर कुठल्या टोकाने खातं तेही ठाऊक नसेल." व्हर्ना कॉफी ओतता ओतता म्हणते, "तुला तरी कुठे ठाऊक आहे, मर्ल? तू विमा विकतोस." मग तो किम्बलबाईंकडे वळतो. "हुशार आहे बाई. पण हसते कशी, दात मोजून द्यायचे असल्यासारखी." मध्यंतरी पंधरा दिवस सगळ्यांना खात्री होती की कुणी चौथाच उतरणार. कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मर्लच्या मेहुण्याने म्हणे कुणाच्या तरी ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. त्या चर्चेला कंटाळून व्हर्नाने चौथी बरणी ठेवली. तिच्यावर कोरी चिठ्ठी. "ही अजून न आलेल्याची," म्हणाली. नोव्हेंबर संपेपर्यंत तीच सगळ्यात जास्त भरली होती. मी तुला सांगितलं तर तू हसलीस, "मका मत देत नाही, मार्नी." मीही हसले. माझ्याकडे तेव्हा एकशे त्रेसष्ट सह्या होत्या.

त्या सह्यांबद्दलच सांगायचंय. त्याआधी एक गोष्ट, जी तुला माहीत आहे, पण मला पुन्हा लिहून बघायची आहे. आमच्या तालुक्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला त्या हिवाळ्यात माझ्या बहिणीला, रोंडाला, कळा सुरू झाल्या. पुढचं हॉस्पिटल चाळीस मैलांवर. बाबा त्यांचा बर्फ हटवायचा ट्रक घेऊन पुढे, रोंडाचा नवरा मागे गाडीत. बाबा रस्ता कापत होते आणि आरशात मागचे दोन दिवे बघत होते. सव्विसाव्या मैलाला ते दिवे थांबले. बाळ बियाण्यांच्या दुकानासमोर झालं, बाबांच्या कोटात. आजही बाबा त्या दुकानावरून जाताना ट्रकचा भोंगा एकदा वाजवतात. सप्टेंबरमध्ये किम्बलबाई शाळेच्या जिममध्ये आल्या तेव्हा मी उभी राहून हे सांगितलं. त्या मंचावरून खाली उतरल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तो रस्ता इतका लांब असायलाच नको होता." मी तिथेच रडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रचार कार्यालयातून, तुझ्याकडून, कार्डांचा गठ्ठा मागवला.

तू शिकवलंस तसं मी सगळं केलं. दार वाजवायचं, हसायचं, कार्ड पुढे करायचं: पक्षाचा उमेदवार निवडायला गाव जमतं त्या कॉकसच्या संध्याकाळी किम्बल यांच्या बाजूने उभे राहाल का? सही केली की यादीत 'एक', म्हणजे पक्का आपला. 'पाच' म्हणजे दुसऱ्याचा. मधले 'तीन', अजून न ठरलेले. माझ्या यादीत जवळजवळ सगळे 'एक'च होते. तू कळवलंस की राज्यात सगळ्यात चांगला आकडा लिपनिकचा आहे. मग तुमच्या डी मॉइनच्या कार्यालयात तू देऊ केलेली ती नोकरी. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलेलं नाही. माझी पदवी स्वयंपाकघरात बाबांच्या 'पंचवीस वर्षं अपघाताविना' या पाटीशेजारी टांगलेली आहे, आणि कुणी आलं की आई दोन्ही एकदम दाखवते. नोकरीचं कळल्यावर बाबांनी ट्रकच्या शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. आईने माझ्यासाठी शहरात घालायचा करड्या रंगाचा कोट आणला. तो मी दारामागे टांगला, बटणांवरचा कागदही न काढता.

डिसेंबरच्या मध्यात एके दिवशी पायपरचा फोन आला. टॉलिव्हरचं काम करणारी ती मुलगी, लाल टोपीवाली. म्हणाली, "मिस स्लादेक, कॉकसला यायचं विसरू नका हं. तुम्ही आमच्या एक नंबरवाल्या!" मला वाटलं थट्टा करतेय. नव्हती करत. ऑक्टोबरमध्ये टॉलिव्हरच्या पॅनकेकच्या न्याहारीला मी कोण कोण येतंय ते बघायला गेले होते. दारात ती पातळ कोट घालून कुडकुडत उभी होती, सकाळपासून एकही सही मिळाली नाही म्हणाली. आणि मी केली. टेसा, किम्बलबाईंची गावातली प्रमुख कार्यकर्ती मी, आणि मी टॉलिव्हरच्या कार्डावर सही केली, कारण त्या पोरीचं नाक लाल झालं होतं! केली आणि घरी येईपर्यंत विसरलेसुद्धा. आपल्याकडे कुणी गरम ताटली पुढे केली तर नको म्हणत नाहीत, तसंच काहीसं.

पायपरचा फोन आला त्याच दिवशी मी मिसेस डर्बींकडे गेले. ऐंशी वर्षांच्या, माझ्या यादीतल्या पहिल्या 'एक'. म्हटलं, अंगणातला किम्बलबाईंचा फलक दिसत नाहीये. "अगं बाई, थांब हं," म्हणून त्या लगबगीने गॅरेजमध्ये गेल्या. मी मागोमाग. भिंतीला तिघांचे तीन फलक ओळीने टेकवलेले होते. "जो येईल त्याचा लावते," त्या म्हणाल्या, "तू आज सांगून आली नाहीस ना, म्हणून जरा गडबड झाली." मी विचारलं, "पण मिसेस डर्बी, कॉकसला तुम्ही उभ्या कुणाकडे राहणार?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांचं वजनच विचारलं. "बाळ, मला गुडघ्यांचा त्रास आहे. त्या दिवशी बहुतेक जास्त दुखतील."

मग मला उमगलं. सह्या हव्या तितक्यांना देता येतात. पण कॉकसच्या संध्याकाळी जिममध्ये अख्ख्या गावासमोर एकाच कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं, आणि सभ्यपणालाही पाय दोनच असतात. दोन कोपऱ्यांत उभं राहता येत नाही म्हणून माझी निम्मी यादी त्या दिवशी गुडघे धरून घरी बसणार होती.

घरी आले तर बाबा पाळीवर जायच्या आधी हॅमचं सँडविच खात होते. मी सरळ विचारलं, "तुम्ही किम्बलबाईंच्या कोपऱ्यात उभे राहणार ना?"

"तुझ्या कार्डावर सही केलीय ना मी."

"आणखी कुणाच्या केलीत?"

बाबांनी खूप वेळ कॉफी ढवळली. ते साखर घेत नाहीत. "जनरलच्या. त्याचा माणूस शेडवर डोनट घेऊन आला होता." मग सँडविच बशीत ठेवून, "आणि टॉलिव्हरच्या. पण ती तुझ्या आईने आधी केली. मी एकटाच नाही म्हणून कसा बसू?"

"आणि व्हर्नाकडे दाणा कुठल्या बरणीत टाकता?"

"बिननावाच्या."

"का पण?"

"बरणीला वाईट वाटत नाही ना, पोरी."

ते उठले, हातमोजे घातले, आणि दारात त्या करड्या कोटाशेजारी उभं राहून म्हणाले, "तू विचारलंस, सही कराल का? मी केली. मला कोण हवंय, ते तू विचारलंच नाहीस." रागाने नाही गं. हवामान सांगावं तसं.

त्यानंतर मी तुला न सांगता तीन आठवडे पुन्हा घरोघर फिरले. कार्डांशिवाय. टोपीवरचा किम्बलचा बिल्लाही काढून ठेवला. नुसती बसायचे आणि विचारायचे, तुम्हाला काय हवंय? पहिली दहा मिनिटं कुणीच काही सांगत नाही. हवा, गुडघे, नातवंडं. बशीत काहीतरी येतं. मग एकदम कुणीतरी बोलायला लागतं. मिसेस डर्बींना 'मला ठाऊक नाही' असं म्हणणारा एक तरी माणूस टीव्हीवर बघायचाय. मर्लकडे मी आधी गेलेच नव्हते, त्याला ऐकूनच 'पाच' लिहिला होता. तो म्हणाला, "मी? किम्बलच. दुसरं कोण?" मी म्हटलं, "तू तर रोज तिची खिल्ली उडवतोस!" तर म्हणे, "आवडते म्हणूनच चिडतो. टॉलिव्हरवर चिडायला मला फुरसत नाही." आता अशा गावाबद्दल एका वाक्यात काय सांगू?

आणि माझं काय, तेही मला कळेनासं झालंय. मागच्या आठवड्यात पेपरात आलं, किम्बलबाई दुसऱ्या एका तालुक्यात कुठल्याशा शाळेबद्दल बोलताना म्हणाल्या, "तो रस्ता इतका लांब असायलाच नको होता." तेच शब्द. मंचावरून खाली उतरल्या, असंही लिहिलं होतं. मी ती बातमी चार वेळा वाचली. खरं वाक्य दोनदा म्हटलं तर ते खोटं होतं का? होत नसावं. दोन्हीकडे रस्ते लांबच आहेत. कदाचित त्या वॉर्ड खरंच उघडतील. कदाचित माझा हात त्यांच्या लक्षातही नसेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का, ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. रोंडाला विचारलं, तर बाळाला भरवता भरवता म्हणाली, "मला वॉर्ड हवाय. बाई कुठलीही चालेल." तिचं डोकं माझ्यापेक्षा शांत आहे.

तुझी उद्याची बैठक मला माहीत आहे. ज्या तालुक्यांचे आकडे पक्के, तिथली माणसं काढून तुम्ही दुसरीकडे पाठवणार. लिपनिक पक्कं आहे, असं तू वरिष्ठांना माझ्या शब्दावर सांगितलंस. माझी नोकरीही त्याच आकड्यावर उभी आहे, आणि तुझं नावही. गप्प राहिले असते तर कॉकसपर्यंतचे तीन आठवडे सगळे खूश राहिले असते. मग त्या संध्याकाळी जिममध्ये आपल्या कोपऱ्यात मर्ल, मी आणि थोडी माणसं उभी राहिली असती, आणि तू डी मॉइनमध्ये फोनपाशी बसून ते ऐकलं असतंस. खरा आकडा दिला तर तुम्ही इथे जास्त माणसं पाठवाल, की लिपनिक सोडूनच द्याल? तेही मला ठाऊक नाही. सोडून दिलंत तर वॉर्डाचं नाव पुन्हा कोण घेणार, याची भीती वाटते.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल, म्हणजे तोवर तुझा राग निम्मा होऊन गेलेला असेल. परवानगी मागायला हे लिहीत नाहीये. आज चर्चहून आल्यावर, बरोबर बाराला, मी सुधारलेली यादी तुमच्या कार्यालयाला पाठवली. एकशे त्रेसष्टाचे एकोणतीस झालेत, मर्ल धरून. बाबांपुढे 'तीन' आहे, आईपुढे 'तीन'. एकशे सतराव्या ओळीत मार्नी स्लादेक, तिच्यापुढेही 'तीन'. पक्की नसलेली कार्यकर्ती तुम्ही डी मॉइनला नेणार नाही हे मला कळतं, म्हणून आईला सांगून कोट कालच दुकानात परत दिला. तू रागाव, भांड, हवं तर बोलू नकोस, पण माझ्याशी सभ्यपणाने 'ठीक आहे' म्हणू नकोस. यादी पाठवताना तुमच्या संगणकाने दोनदा विचारलं, नक्की का? या महिन्यात मला उत्तर येत होतं असा तो एकच प्रश्न होता. मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

तुझीच, एकशे सतराव्या ओळीतली,
मार्नी