नॉर्मल म्हणजे माझ्या हाताइतका

४ नोव्हेंबर, सकाळी १०
संकल्प: खांदे तपासताना आकडेमोड बंद. कोन मोजायचं यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. मी हात वर करणार, पेशंटने समोर उभं राहून तसाच करायचा. माझा हात म्हणजे नॉर्मल. बावीस वर्षं हाडांची प्रॅक्टिस केली, एवढा अधिकार आहे.

पहिलाच पेशंट वैजनाथ, गेल्या महिन्यात यंत्राने मोजून गेलेला. मार्केट यार्डात हमाल, उजव्या खांद्याचा सांधा झिजलाय. पोती उचलवत नाहीत. तोलणाराची जागा रिकामी आहे, हलक्या कामाची चिठ्ठी द्या म्हणाला. हात माझ्यापेक्षा वीतभर खाली. म्हटलं, आधी व्यायाम.

९ डिसेंबर
वैजनाथ आता चारच बोटं खाली. खांद्याच्याच दुसऱ्या पेशंट वेणूबाईही सुधारल्या. व्यायामाचा तक्ता माझाच. कॉन्फरन्सला पेपर वाचावा म्हणतो.

हल्ली भांग डाव्या हाताने पाडतो. मेंदूला चांगलं असतं.

१५ जानेवारी
वैजनाथ माझ्या बरोबरीला! म्हणतो, दुखणं हाय तसंच हाय. पेशंट असं म्हणतातच. एक्स-रेही तसाच, पण उपचार फोटोवर नाही, माणसावर करायचे असतात. चिठ्ठी दिली: पोती उचलण्यास फिट. त्याने घडी घालून खिशात ठेवली आणि निघाला. आभार मानायची पद्धत राहिली नाही.

उल्काला म्हटलं, कपडे वाळत घालायची दोरी खाली घे, उगाच उंच बांधलीस. म्हणाली, अहो, लग्नापासून तिथंच आहे. बायकोशी वाद बंद, हाही संकल्प.

२१ जानेवारी
वैजनाथच्या खांद्यावरून कांद्याचं पोतं घसरलं, पायावर पडलं. घोटा मोडला. त्याची बायको रुपाली सांगून गेली. तोलणाराची जागा सोमवारी दुसऱ्याला दिली म्हणे. चिडली नव्हती, बरं वाटलं.

व्यायाम मनापासून केला नसणार.

६ फेब्रुवारी, दुपारी १२
वैजनाथ पायाला प्लास्टर घालून आला. आमची नवी फिजिओथेरपिस्ट ऋचा, तिने न विचारता ड्रॉवर उघडला आणि यंत्राने त्याचा हात मोजला. ऐंशी अंश. माझ्या संकल्पाआधीच्या, ऑक्टोबरच्या केसपेपरवर बघितलं, तेव्हाही ऐंशी. मग म्हणाली, सर, आता तुमचा.

पंच्याहत्तर.

ऋचाने माझ्या नावाचा केसपेपर काढला, वय विचारलं. सांगितलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वैजनाथ बाकावरून बघत होता. त्याने अगदी काळजीने विचारलं, डॉक्टर, तुमच्यात हलकं काम असतंय का?

नाही म्हणालो.