मालनबाईंची वेणी

शरणपूर, नाशिक
बुधवार

प्रिय उज्वलावन्सं,

सोमवारी सकाळी डबे घासून उन्हात पालथे घातले, वरणाचा कुकर चढवला आणि प्रार्थनेला बसले, तर ‘हे स्वर्गीय पित्या’च्या पुढे काही सुचेना. शिट्ट्याच मोजत बसले. (आधी सलाम लिहायचा असतो. सलाम. गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.)

तुमचे भाऊ गेल्यापासून हे असंच चाललंय. पूर्वी देवळात पाळकसाहेबांच्या उपदेशात मला डुलकी लागली की ते कोपर मारायचे. आता कोपर मारणारं कोणी नाही, तर डुलकीही लागत नाही. टक्क जागी राहून कंटाळते. शेवटी त्याच सकाळी पाळकसाहेबांना विचारलं, देवाचा कंटाळा येणं पाप आहे का? ते म्हणाले, “बाई, एका जागी बसून पायाला मुंग्या येतात, तशा विश्वासालाही येतात. उठा, चालवा त्याला.” आणि मला सरकारी दवाखान्यात आजाऱ्यांच्या भेटीला धाडलं.

दुपारीच गेले. पिशवीत बायबल, चष्मा आणि केळी. पहिल्याच खाटेवर चांदवडच्या मालनबाई, कांद्याच्या ट्रॉलीवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये. (बौद्ध आहेत. मी विचारूनच सुरुवात केली. “करा की, माझं काय जातंय,” म्हणाल्या.) मी डोळे मिटले. दोन वर्षांचं साचलेलं, त्यामुळे प्रार्थना लांबली. आमेन म्हणून डोळे उघडते तो खाट रिकामी! त्यांना एक्स-रेला नेलं होतं, आणि फरशी पुसणाऱ्या मंगलाबाई म्हणत होत्या, “झालं असलं तर पाय वर घ्या, मावशी.”

तेवढ्यात मालनबाई परत आल्या. “झालं का देवाशी बोलून? मंग आता माझी वेणी घाला. एका हातानं व्हत नाय, अन् सून गेली कांदे काढाया.”

केसांत या गाठी! मी बायबल उशाशी ठेवलं आणि फणी घेतली. गाठ ओढली गेली की त्या शिव्या द्यायच्या, सुटली की आशीर्वाद. वेणी झाली तेव्हा लक्षात आलं, मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. (देवळात पाहते. तुम्हीही पाहता.) संध्याकाळी हाताला तेलाचा वास घेऊनच प्रार्थनेला बसले. फार बोलले नाही, पण बसवत होतं.

तुमची भावजय,
रत्नमाला

ता. क. पलंगाचं राहिलंच. येत्या शनिवारी तुमच्या निकिताच्या नव्या संसारासाठी तुमच्या भावाचा पलंग न्यायला तुम्ही टेम्पो पाठवणार होतात. मी हो म्हटलंय, ते खरंच. पण एवढ्यात पाठवू नका. प्लास्टर निघेपर्यंत मालनबाईंना दवाखान्यात खेपा घालायच्या आहेत आणि शहरात त्यांचं कोणी नाही. त्या पलंगावर मी अजून कोणाला बसू दिलेलं नाही (तुम्हालाही नाही, तेव्हा रागावलात), म्हणून आधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

आणखी ता. क. विचारावं म्हटलं खरं, पण सोमवारी रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी मी पलंगावर धुतलेली चादर घातली आणि मालनबाईंना रिक्षातून घरी आणलं.