टॅबखालची रेघ

आई,

आज ऑफिसात एका नव्या मुलीला कॉम्प्युटरच्या पानावरचे टॅब कसे आखायचे ते शिकवत होते आणि मध्येच तू आठवलीस, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे रागानं बघणारी. दोन हजार सालच्या आसपास नाशिकरोडच्या तुझ्या वाचनालयात कॉम्प्युटर आला, तेव्हा तुझी बहुतेक नोकरी होऊन गेली होती. प्रोग्राम आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसातच बनलेला. पान बदलायला वर दोनच टॅब, 'दिलेली पुस्तकं' आणि 'परत आलेली'. एक निळा, एक पांढरा. दाबला की रंगांची अदलाबदल. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची पाळी सुटली की काउंटरवर रांग लागायची, आणि त्या घाईत परत आलेलं पुस्तक तू त्याच माणसाच्या नावावर पुन्हा चढवायचीस. शेवटी सेक्रेटरींनी सांगून टाकलं, जमत नसेल तर काउंटर सोडा, मागच्या खोलीत पुस्तकांना पुठ्ठे घाला.

त्या संध्याकाळी घरी तू कणीक मळते आहेस, माझ्याकडे न बघता म्हणतेस, "माझं डोकंच चालत नाही गं आता. बसेन मागे." मला ते ऐकवेना. तू माणसांत रमणारी, त्या खोलीत झुरली असतीस.

"डोक्याला काय झालंय? निळा चालू की पांढरा चालू, हे कुणी सांगितलंय का तुला?"

"तेच तर. दर वेळी वाटतं, दुसराच असेल."

आमचे साहेब म्हणाले, "रंग छान दिसतायत, कशाला हात लावतेस?" मी लावला. चालू टॅबखालची रेघ पुसली, तो खालच्या पानाला सलग जोडला. दुसरा करडा, जरा बुटका, त्याच्याखाली रेघ तशीच. पानावरही ठळक नाव दिलं. टॅब दोन असोत की सात, आपण कुठे आहोत हे माणसाला विचारावं लागता कामा नये, हे मी आजही कुणालाही ठासून सांगते.

सोमवारी मी तुझ्या मागे उभी राहिले. तू पुस्तकं घेत होतीस, देत होतीस, एकाशी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलत होतीस, आणि हात चालूच. मग मागे वळून म्हणालीस, "तू अजून इथंच? जा की कामावर, गर्दी होतेय." रिटायर होईपर्यंत काउंटर तुझंच राहिलं.

नव्या मुलीला मी सांगितलं, लोकांना टॅब जाणवलाच नाही तर काम चोख झालं समजायचं, कौतुकाची वाट बघायची नाही. तिनं लगेच लिहून घेतलं. तू गेल्यावरचं हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुला खरं सांगते. त्या सोमवारी मी बघत होते वाट.