पाहुणीला शास्त्र नसतं

दूधविनायक, काशी
मंगळवार

नाही हो वन्सं, वेडबिड काही लागलेलं नाही मला. तो व्हिडिओ खरा आहे, त्यातली म्हातारी मीच आहे, आणि कपाळावर दिसतंय ते कुंकूच आहे, डास मारल्याचं रक्त नव्हे. फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा थंडीचं बोलले, कारण मी फोन कानाला लावला की आमची सूनबाई सुरेखा स्वयंपाकघरातला नळ बंद करते. म्हणून हे पत्र. नमस्कार मागाहून आला तरी पोचतोच, तो घ्या, भावोजींना वेगळा सांगा. गुडघा कसा आहे? देवरुखच्या त्या वैद्याचं तेल अजून चोळता ना? चोळा. गुडघा नाही तर वैद्याचं घर तरी चालेल. आणि नीलकंठाने तुम्हाला कळवलंच असेल की आईला सहा महिने तुमच्याकडे ठेवून घ्या, लोक विसरले की आणतो. मला न विचारता पुढच्या गुरुवारचं तिकीटसुद्धा काढलंय लेकाने. तेव्हा काय झालं ते आधी माझ्या तोंडून ऐका, मग काय ते ठरवा.

तुम्ही या घरातून लग्न होऊन गेलात तेव्हा आपल्याकडे हळदीकुंकू कधी व्हायचं? चैत्रगौरीचं आणि संक्रांतीचं. आता ऑक्टोबर ते मार्च, दर मंगळवारी नि शुक्रवारी, सकाळी अकराला, कारण तेव्हा नाव परत येते. ब्रह्मा घाटावरच्या वेणीमाधवांनी (तेच हो, ज्यांचे वडील वेद शिकवायचे आणि स्वर चुकला की पंख्याची दांडी हाणायचे) परदेशी पाहुण्यांसाठी कंपनी काढलीय. पहाटे गंगेत नाव, मग पलीकडे रामनगर, मग मराठी घरातलं हळदीकुंकू, मग पुरणपोळी. ते मराठी घर म्हणजे आपलं. गौर सहाही महिने झोपाळ्यावर बसलेली असते, बिचारीला माहेराहून परत जायला मिळतच नाही. डिसेंबरात कैरी कुठली, म्हणून सुरेखा आंब्याच्या डाळीत अमचूर घालते आणि सांगते की ही काशीची परंपरा. वाण म्हणून प्लास्टिकची तुळस. ती चीनहून येते आणि पाहुण्यांबरोबर सातासमुद्रापार जाते. एकदा खुद्द चीनचीच एक बाई आली होती. तिने तुळस उलटी केली, बुडाखालचं वाचलं आणि जेवण होईपर्यंत हसत होती. आमच्या बायकांना वाटलं, केवढी भक्ती!

उखाणे तर विचारूच नका. वेणीमाधव ओळ सांगतात, पाहुणी घोकते, शेवटी आपलं नाव घालते. एकीला मागे सोडलेले दोन नवरे होते, तिने उगाच वाद नको म्हणून दोघांचीही नावं घेतली. दुसरीला नवराच नव्हता, तिने रॉकीचं घेतलं. (मग तिने फोटो दाखवला. कान उभे, जीभ बाहेर, बाकी प्रकृती उत्तम.) आणि ब्रह्मा घाटच्या सुवासिनींनी तिची ओटी भरली हो! खणनारळासकट! मी रात्री सुरेखाला विचारलं, तर म्हणाली, आई, पाहुणीला शास्त्र नसतं.

म्हणजे शास्त्र उरलं कुणाला? तर मला एकटीला. अकरा वाजले की मी मधल्या खोलीत. पुरण मी वाटायचं, पोळ्या मी लाटायच्या, आणि ताट दाराच्या फटीतून बाहेर सरकवायचं. सुरेखा वाईट नाही. ती म्हणते, आई, मी कुठे मानते, लोक मानतात. (लोकांना विचारलं तर ते म्हणतात, आम्ही कुठे मानतो, सुरेखाला चालायचं नाही.) तुमचे बंधू गेल्यापासून सोळा वर्षं मी तो मानणारा माणूस शोधतेय, एकही सापडत नाही.

त्यात पाहुण्यांना घरात आजी हवी. कंपनीच्या कागदावर तसं छापलंय. म्हणून यांनी आजी कुठून आणली ठाऊक आहे? समोरच्या गल्लीतून. इंदू आठवते ना, तुमच्या वर्गातली, पाढे येत नव्हते ती? तिचे ढुंढिराज अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेत, ऐकू नाही, दिसत नाही, पण श्वास चालू आहे, आणि त्या श्वासावर इंदू आमच्या घरची आजी आहे. माझ्या पाटावर बसते, आपला नातू म्हणून माझाच नातू दाखवते, आणि तुमच्या बंधूंनी मला पैठणला नेलं होतं ती हकिगत स्वतःची म्हणून सांगते. तीही चुकीची सांगते! मी आतून पोळी लाटता लाटता ओरडणार होते की अगं, पाऊस परतताना लागला होता, जाताना नव्हे.

तर गेल्या शुक्रवारी ढुंढिराजांना धाप लागली आणि इंदू येईना. नाव घाटाला लागलेली. वेणीमाधव घामाघूम. शेवटी सुरेखा आत येऊन म्हणाली, आई, आज तुम्हीच आजी व्हा. (माझ्या घरात, माझ्या नातवाची, एका दिवसापुरती.) अटी अशा: हसायचं, हात जोडायचे, करंड्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, बरं.

पाहुण्यांत हिल्डा म्हणून एक होती, हॉलंडची, सहा फूट उंच, चौकटीला दोनदा डोकं आपटलेली. बाहेरचं सुरू व्हायच्या आधी ती पुरण बघायला आत आली. भाषा तिची मला नाही, माझी तिला नाही, तरी पाच मिनिटांत कळलं की तिचाही गेलाय. फोटो दाखवला, वर बोट केलं, झालं. मी माझं कपाळ दाखवलं, तिला कळलं. मग बाहेर तिला मखमलीच्या बैठकीवर बसवून सुरेखाने स्वतः कुंकू लावलं, ओटी भरली. विधवा ती, विधवा मी, पण तिच्याकडे पासपोर्ट. आणि मग ती बाई उठली, करंडा उचलला, चार सुवासिनी ओलांडून माझ्यापाशी आली आणि वाकून माझ्या कपाळाला हे एवढं मोठं बोट टेकवलं. सर्वांत वडील बाईपासून सुरुवात करावी, असं त्या कागदावर छापलंय म्हणे, बिचारीने वाचलं तसं केलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने फोनवर सगळा व्हिडिओ काढला. आपल्या चौघी ओटी न घेता जिना उतरल्या. (पुरणपोळ्यांचे डबे मात्र विसरल्या नाहीत.) सुरेखा रडली, नीलकंठ बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला, आणि आमची नात बकुळ, जिला मराठीत 'पाणी दे' सांगितलं तर हिंदीत 'लाती हूँ' म्हणते, ती गळ्यात पडून म्हणाली, आजी, तुम तो वायरल हो गई! मला वाटलं ताप आलाय की काय.

असो. पोरांना आशीर्वाद.

तुमची भावजय
शरदिनी

ता. क. नीलकंठाला लिहा की आमच्याकडे जागा नाही. गुडघ्याचं कारण सांगा, घराच्या डागडुजीचं सांगा, काहीही. माझं घर इथे आहे, वन्सं. मी हलले की इंदू पाटावरून उठायची नाही.

दुसरं ता. क. काल वेणीमाधव आले होते. परदेशातून सगळे विचारताहेत की ती कुंकवाची आजीच पाहिजे. वडिलांच्या पोथ्यांत अर्ध्या तासात त्यांना आधार सापडला की गंगाकाठी चालतं. सुरेखा अर्धी वळलीय. माहेरवाशीण म्हणून तुमचा एक शब्द आला तर पुरी वळेल. लिहाल ना?

तिसरं ता. क. त्या कागदावर तसं काही छापलेलं नाही. आत पुरणाशी उभी होती तेव्हा मीच हिल्डाचं बोट धरलं, आधी तिथल्या मिटलेल्या करंड्याला लावलं, मग माझ्या कपाळाला, आणि बाहेरच्या बायकांकडे हात केला की इथे नको, तिथे, सगळ्यांदेखत. मला लावून हवं होतं, वन्सं. सोळा वर्षं हवं होतं.