वरची बोटं

सर, तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं वाटलंच नाही, असं नाही. पण जे सांगायचं ते तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं, आणि नंतर सांगण्यात अर्थ नव्हता. तो आजही नाही. गेल्या आठवड्यात तुमची ती गिटारची रेकॉर्ड मी पहिल्यांदा नीट ऐकली, म्हणून लिहायला बसलो. पहिल्यांदा म्हणतो, कारण तुमच्या घरी सव्वा वर्ष दर रविवारी मी ती लावत होतो आणि तुमच्याऐवजी ऐकत होतो, असा तुमचा समज होता. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. जे ऐकू येत नव्हतं, ते मी तुम्हाला टाइप करून देत होतो.

मी तुमच्या क्लासला आलो ते त्र्याऐंशी साली. बारावी झाली होती, वडील मुंबईला नोकरीत होते आणि त्यांचं पत्र आलं होतं की टायपिंग कर, म्हणजे कुठंतरी ऑफिसात चिकटशील. हातखंब्याहून सकाळची एस.टी. पकडून मी यायचो. दुकानावरचा माळा, चौदा मशीन, आणि कोपऱ्यात स्टुलावर तुमचा तो लाकडी पेटीचा रेकॉर्ड प्लेअर. दुसऱ्या कुठल्या क्लासात असं असेल असं वाटत नाही. पहिली दहा मिनिटं तुम्ही कोणाला बटण दाबू द्यायचा नाहीत. बोटं जागेवर टेकवून बसायचं आणि रेकॉर्ड ऐकायची. तुमच्या मेव्हण्यांनी जहाजावर असताना कुठल्यातरी बंदरातून आणलेली. कव्हरवर नुसती एक खुर्ची आणि तिला टेकून ठेवलेली गिटार, माणूस नाही. आम्ही पोरं आपसात तिला सरांची टिंगटिंग म्हणायचो. शेवटच्या मशीनवरच्या एकानं एकदा विचारलंच, "सर, ह्याच्यात गाणारा कधी येतो?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गाणारा केव्हाचा आलाय. तू अजून स्टँडवर आहेस." सगळे हसले. मग तुम्ही सांगितलंत की हा बोटांनी तारा छेडतो, त्याचा अंगठा खालचा ठेका धरून असतो आणि वरची बोटं गाणं म्हणतात. "आपला अंगठा दोन शब्दांत नुसती जागा सोडतो, मेल्यांनो. त्याचा अंगठा संसार चालवतो."

एका सकाळी तुम्ही विचारलंत की ही रेकॉर्ड किती माणसं वाजवताहेत. अंगठ्याचं सांगितलं होतंत त्याच्याही आधीची ही गोष्ट, मी क्लासला येऊन महिना झाला असेल. सगळे म्हणाले दोन. कोणी तीन म्हणालं. मलाही दोनच ऐकू येत होती, एक जाड वाजवणारा आणि एक बारीक. तुम्ही म्हणालात, उद्या सांगा. जिना उतरताना माझ्या पुढच्या मशीनवर बसणारी मुलगी, जी कधी कोणाशी बोलायची नाही, वळून न बघताच म्हणाली, "एकच आहे तो. एका हातानं दुसऱ्याची वाट बघतोय." ती माझ्याशी बोलली की स्वतःशी, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा ती मान खाली घालून रिबन नीट करत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, एकच आहे. एका हातानं दुसऱ्याची वाट बघतोय." तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. तसं माझ्याकडे आधी कोणी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या मुलीला काही म्हणावं, तर तिनं क्लास सुटेपर्यंत माझ्याकडे पाहिलंच नाही.

त्या एका वाक्यावर तुम्ही मला कानाचा माणूस समजलात. तुमचे कान तर असे होते की तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि पाठीमागं चौदा मशीन चालू असताना म्हणायचा, "सहावं मशीन, करंगळी." सहाव्या मशीनवर चूक झालेली असायचीच. पुढच्या पावसाळ्यात एकदा तुम्ही म्हणालात, "तिसरं मशीन, करंगळी घसरत्येय." तिसऱ्या मशीनवर त्या दिवशी कोणी बसलेलंच नव्हतं. पोरं फिदीफिदी हसली. तुम्ही वळलात, रिकाम्या खुर्चीकडे बघितलंत, आणि आमच्या हसण्याकडे बघितलंत. हो, बघितलंत. ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं हे मला तेव्हाच समजलं. तीस वर्षं त्या खडखडाटात बसून कान गेले, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं नंतर काकू म्हणाल्या. खिशात ठेवायचं कानाचं यंत्र आणलंत, ते नुसतं शिट्या मारायचं. वर्षभरात क्लास बंद झाला. मी तोवर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागलो होतो.

शहाऐंशीच्या सुरुवातीला तुमचं कार्ड आलं, रविवारी दुपारी येऊन जा. मी आलो. पडवीत टेबलावर क्लासातलं एक मराठी मशीन ठेवलेलं, शेजारी तो रेकॉर्ड प्लेअर. काकूंनी आमसुलाचं सरबत दिलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे तुम्ही मोठ्यानं बोलायला लागला होतात. म्हणालात, "हे बघ, पेटीवर हात ठेवला की अंगठ्याचा ठेका हाताला लागतो. अजून लागतो. पण वरची बोटं लाकडातून येत नाहीत. ती तू ऐक आणि टाइप कर. तुला ती ऐकू येतात, म्हणून तुला बोलावलं." मी नाही म्हणायला हवं होतं. नुसतं नाही म्हणायचं होतं, कारण सांगायचीही गरज नव्हती. मी कागद चढवला.

तुम्ही डोळे मिटून तळवा पेटीवर ठेवायचा. मी सुई ठेवायचो आणि टाइप करायला लागायचो. तुकडा संपला की तुम्ही कागद काढून घेऊन वाचायचा. मी लिहायचो की पावसाच्या थेंबांसारखं वाजतं आहे. ओढ्याचं पाणी दगडावरून जावं तसं. शाळेतल्या निबंधात जे जे होतं ते सगळं मी त्या कागदांवर उतरवलं. एकदा तुम्ही वैतागलात. "तुझा पाऊस दर रविवारी पडतो काय रे? बोटं काय करतात ते सांग." पुढच्या वेळी मी लिहिलं, बोटं वरून खाली येतात. "येऊन थांबतात कुठं?" मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, अंगठ्यापाशी. तुम्ही बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलात आणि मग हळूच म्हणालात, "होय. तिथंच थांबायची." आतून काकू म्हणाल्या, "त्या पोराला दम तरी खाऊ द्या." तुम्हाला ते ऐकू गेलं नाही. तुम्ही नवीन कागद माझ्यापुढं सरकवलात.

मला त्या दिवसांत वाटायचं की मी तुमच्यावर उपकार करतोय. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय, काय बिघडलं? पण घरी जाताना एस.टी.त बसलो की माझ्या लक्षात यायचं, की तुमच्याजवळ त्या रेकॉर्डमधला अर्धाच भाग उरला आहे आणि उरलेला अर्धा मी मनानं भरतोय. तुम्ही जे ऐकत होता, ते कोणीच कधी वाजवलं नव्हतं. त्या मुलीला शोधून आणावं असंही एकदा मनात आलं. तोवर तिचं लग्न होऊन ती मुंबईला गेली होती, आणि पत्ता काढायचा तर खरं काय ते सांगावं लागलं असतं.

शेवटचा रविवार सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातला. तुमची तब्येत खालावली होती, खुर्चीत उशी लावून बसवलं होतं. दुसऱ्या बाजूचा तुकडा लावला. थोडा वेळ गेला आणि वीज गेली. रेकॉर्ड जड होत होत घोगऱ्या आवाजात थांबली. तुमचे डोळे मिटलेले होते आणि तळवा पेटीवर होता. मी थांबलो नाही. मी घाबरलो होतो. थांबलो असतो तर तुम्ही विचारलं असतंत की कुठपर्यंत आलं होतं, आणि ते मला सांगता आलं नसतं. म्हणून मी टाइप करत राहिलो. बोटं वर जाताहेत, परत येताहेत, आता दोनच तारा, आता पुन्हा सगळ्या. पान भरलं. त्या बंद पेटीवरून तुम्ही हात काढला नाहीत. मी कागद ओढला तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत, चष्मा लावून सगळं पान शांतपणे वाचलंत आणि म्हणालात, "छान. चुका दोनच." मग काकूंना हाक मारून म्हणालात, "ह्याला काहीतरी खायला द्या, दमला असेल." काकूंनी फणसाचे गरे दिले. मी ते खाल्ले. घराबाहेर पडल्यावर मला समजलं, की अंगठा हाताला लागायचा थांबला होता आणि ते तुम्हाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

मी मनचं लिहितोय हे तुम्हाला त्या दिवशीच समजलं होतं की आधीपासून, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आधीपासून माहीत असेल तर तुम्ही सव्वा वर्ष मला का बोलावलंत? आणि माहीत नसेल तर त्या एका दुपारी तुमच्या हातातून किती गेलं? दोन्हींपैकी कुठलं बरं म्हणायचं ते मला ठरवता येत नाही. विचारायला मी पुढच्या रविवारी आलो नाही. त्याच्याही पुढच्या आलो नाही. ऑफिसात काम आहे असं कार्ड टाकलं. जूनमध्ये तुम्ही गेलात.

बाराव्यानंतर काकूंनी रेकॉर्ड माझ्या हातात दिली. "तुलाच द्यायची म्हणून सांगून ठेवलंय," म्हणाल्या. मी त्या कागदांबद्दल विचारलं. "ते होय? आंघोळीच्या बंबात घातले रे. एवढ्या कागदाचं मी काय करणार होते?" त्या सहज बोलल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायला काही नव्हतं. कपाटावर ठेवली. कोकणातल्या हवेत अशा वस्तूचं होतं तेच तिचं झालं, दोन-तीन पावसाळ्यांत बुरशी धरली आणि ती वाकली. ती मुलगी मला एकदाच भेटली, हातखंब्याच्या तिठ्यावर गाडीची वाट बघताना. दोन मुलं बरोबर होती. मी धीर करून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुठली रेकॉर्ड? मी असं म्हटलं होतं? सहज म्हटलं असेन हो." तेवढ्यात तिची गाडी आली.

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात कपाट झाडताना कव्हर हाताला लागलं, त्यावरचं इंग्रजी नाव मोबाइलवर टाकलं, तर सगळी रेकॉर्ड आली. कानात इअरफोन घालून दुपारी ऐकत बसलो. नेहमीसारखीच दोन माणसं वाजवत होती. मग कशानं ते माहीत नाही, मी टेबलावर हाताचा अंगठा टेकून त्या जाड आवाजाबरोबर ठोकायला लागलो. तिसऱ्या तुकड्यात माझा अंगठा चालत असताना वरची बोटं त्याच्या जरा मागून आली, आणि सर, एकच माणूस होता. खुर्चीवर बसलेला एकटा माणूस. त्याचा हात तारेवरून सरकताना करकरतो, तेही ऐकू येतं. तो श्वास घेतो, तो ऐकू येतो. एके ठिकाणी त्याचा अंगठा एक ठोका चुकतो, तो तसाच पुढं जातो, खाडाखोड करत नाही. परीक्षेत खोडलं तर चूक दुप्पट धरतात हे तुम्ही आम्हाला शिकवलं होतंत. त्यानंतर रोज ऐकतो आहे. वरची बोटं नेमकी कुठं थांबतात ते मी आता सांगू शकतो. ती अंगठ्यापाशी थांबत नाहीत. ती त्याच्या आधीच, वरच्या वर थांबतात, आणि खाली तो एकटाच चालत राहतो. मी तुम्हाला तेही चुकीचं सांगितलं होतं आणि तुम्ही ते खरं धरलं होतंत.

आता हे मला येतं, आणि ह्याचा कोणाला काही उपयोग नाही. बायकोला ऐकवलं, ती म्हणाली बरं आहे. ज्यांना सांगायला हवं त्यांना ऐकू येत नव्हतं तेव्हा मला येत नव्हतं, आणि मला यायला लागलं तेव्हा ते नाहीत. ह्यात आता काही होण्यासारखं नाही हे मला चांगलं समजतं. हे पत्र कुठं टाकायचंही नाही. लिहून झालं की वहीतच राहील.

एक मात्र खरं ऐकून लिहितो. दुसऱ्या बाजूचा तो शेवटचा लांब तुकडा तुम्हाला सगळ्यांत आवडायचा, आणि मी दर खेपेला त्याच्याखाली 'अप्रतिम' असं टाइप करायचो. आता तो पाच-सहा वेळा ऐकला. सर, तो मला आवडत नाही. उगाच लांबवलाय. तो सुरू झाला की मी उठून चहा ठेवतो.