मॅबल आजीचा आवाज

३ मार्च १९९७, सोमवार
अल्बम माझ्या गळ्यात! निर्माता केन म्हणाला, "सेदा, चार वर्षांच्या टेपा तुझ्याच कपाटात आहेत, मग दुसरं कोण करणार?" निर्मात्यांना वाटतं टेपा आपोआप ऐकल्या जातात. आमच्या 'मोटेलवरची कबुतरं' या कार्टून मालिकेतली चौदा विनोदी गाणी निवडायची आणि मधूनमधून मॅबल आजीची बडबड घालायची. मुदत महिनाअखेरची. वेष्टनाचं चित्र मात्र तयार – मॅबल आजी, चोचीत फ्रेंच फ्राय.

६ मार्च, गुरुवार
फ्रेंच फ्रायचं अंगाईगीत काढलं. तेच सगळ्यांचं लाडकं. मूळ टेप शोधली, मॅबलला आवाज देणाऱ्या विनीचं गाणं सापडेना. डब्यावर माझंच अक्षर: 'तात्पुरता आवाज – नंतर काढणे.'

आठवलं. चार वर्षांपूर्वी, त्या आठवड्यात विनी कंबरेच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. चित्रकारांना ओठ, म्हणजे चोच, हलवायला कुणाचा तरी आवाज हवा होता. मी गायले. विनी बरी झाली की तिच्याकडून गाऊन घ्यायचं ठरलं होतं. गडबडीत कुणीच घेतलं नाही! टीव्हीवर गेली ती मी. पोरांची पोतंभर पत्रं आली ती माझ्या गाण्याला!
चार वेळा ऐकलं. चांगलं गायले होते गं बाई.

७ मार्च
आईला सांगितलं. ती द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती, मान वर केली नाही. "सेदा जान, मी तेव्हाच म्हटलं होतं ही माझी पोर आहे. तूच मला वेड्यात काढलंस."
खरं आहे. मीच काढलं होतं.

१० मार्च, सोमवार
केनला सांगितलं. गाण्यापुढे माझं नाव घाल म्हटलं. त्याने उठून दार लावलं. "लोक विनी टलचा अल्बम घेणार, तुझा नाही. आणि तुझं नाव आहे की! संकलन – सेदा हागोपियन."
आहे. मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात.
पेटून उठले आहे अगदी. मी एवढी कधी चिडत नाही.

१३ मार्च
विनी बडबड ध्वनिमुद्रित करायला आली. अठ्ठ्याहत्तर वर्षं, काठी, लाल लिपस्टिक. एकाच दमात सगळं! चहाच्या वेळी म्हणाली, "पोरी, परवा बाजारात एका बाईने अडवलं. म्हणे अंगाई म्हणा! काकड्या हातात धरून गायले."
मी म्हटलं, "छान."
दुसऱ्याच्या गाण्यावर टाळ्या घेते! आणि माझ्याशी किती गोड बोलते!

१४ मार्च
आपला स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही?

१८ मार्च, मंगळवार
केनला स्पष्ट सांगितलं – एक तर नाव, नाहीतर माझा आवाज काढ. तो हसला. "ठीक. विनीकडून परत गाऊन घेऊ. गुरुवारी. यंत्रावर तूच बस."
हात दाखवून अवलक्षण! आता माझं गाणंही गेलं.

२० मार्च, गुरुवार
विनी काचेपलीकडे. लय सापडावी म्हणून कानात जुनं गाणं सोडलं, म्हणजे मीच. पहिल्यांदा श्वास पुरला नाही. दुसऱ्यांदा उशिरा उचललं. अकरा वेळा गायली. सातव्या वेळेनंतर केन फोन आल्याचं सांगून बाहेर गेला, आलाच नाही.

बाराव्या वेळी तिने कानावरचं काढून ठेवलं.
"पोरी, हे तुझंच राहू दे. माझ्याने व्हायचं नाही."
मी यंत्र बंद केलं. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"
"टीव्हीवर लागलं तेव्हाच. पलंगावर पडून बघत होते. पहिल्या ओळीला कळलं. केनला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ही पोरगी बरी गाते, म्हातारीला कशाला बोलवायचं? म्हणून चार वर्षं तोंड शिवून बसले." नाक पुसलं. "रोज वाटायचं, आज तू ती टेप ऐकशील."

मला तिचा राग यायला हवा होता. नाही आला. मी तिला गाडीपर्यंत सोडलं. काठी मागच्या सीटवर ठेवून दिली.

२१ मार्च
केनला सांगितलं – माझं नाव नको, गाणं आहे तसं जाऊ दे. "उशीर झाला," म्हणाला. "विनीने सकाळीच फोन केला. सगळं सांगितलं."

२६ मार्च, बुधवार
वेष्टन छापून आलं. अंगाईगीतापुढे माझं नाव, विनीच्या नावाइतकंच मोठं. विनीने मालिका सोडली. केनला म्हणाली म्हणे, मॅबल सेदाला द्या, तिला सगळं येतं. मला फक्त एका गाण्यावर नाव हवं होतं.
सोमवारी दहाला पहिलं ध्वनिमुद्रण. मी हो म्हटलं.