रोज उपटलेली काडी

प्रिय आई,

आधी पायांवर डोकं ठेवतो, मग बोलतो.

थंडी सरली आणि आज सकाळी गुलाबाच्या काडीला कोंब दिसला, त्या क्षणी माझं सगळंच बदललं. हसू नकोस. रोपवाटिकेत कामाला लागल्यापासून मी ती काडी रोज उपटून बघायचो, मुळं धरली का म्हणून. शेवटी मालक ओरडले, "अरे शहाण्या, जगू देशील का तिला?" मी रागाने कुंडी कोपऱ्यात ढकलली आणि विसरलो. तिथेच ती रुजली!

काय देखणा कोंब आहे! बाहेरच्या तांबूस पानाने आतलं इवलं पान अगदी बाबांसारखं धरलंय. रस्ता ओलांडताना ते मला धरायचे ना, हात घट्ट आणि नजर भलतीकडे. मी कॉलेज सोडलं तेव्हा त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, माझ्यावर पाणी सोडलं. ते तर मला रुजू देत होते. त्यांचा खोकला कसा आहे?

जिच्यापायी इथे आलो, तिलाही मी रोज विचारतो, "ठरलं का तुझं?" काल ती म्हणाली, "विचारायचं थांबशील, तेव्हा ठरेल." आज ही कुंडी तिच्या दाराशी ठेवून, काही न विचारता कामावर जाणार.

जेवण वेळेवर होतं. कुंडी काखेत घेतली आहे. तोंडाला कुलूप लावलंय, आता खोलीचं दार लावतो आणि निघतो.

तुझाच,
चिडका बिब्बा